माझ्या भाचीचा नकाशा

पुण्याहून विंझरला जायचे म्हणजे स्वारगेटला एस.टी. धरावी, कात्रज आणि खेड-शिवापूर मागे टाकून नसरापूर फाट्याला वळावे, मार्गासनी ओलांडावी, म्हणजे आपण आलोच. पन्नास-एक किलोमीटरचा हा प्रवास गेली अठरा वर्षे मी करीत आहे. तिथल्या महाविद्यालयात मी मराठी शिकवतो. कानंदी आणि गुंजवणी या दोन नद्यांचा हा मुलूख. एका अंगाला राजगड, पलीकडे तोरणा. वेल्हे तालुक्याला राजगड हे नाव देण्याचा निर्णय २०२४ साली झाला, पण एस.टी.तली माणसे अजून ‘वेल्ह्याला चाललो’ असेच म्हणतात. अठरा वर्षांत या रस्त्यावरची वडाची झाडेही मला नावानिशी ओळखत असतील, असे मी थट्टेने म्हणत असे. थोडक्यात, विंझर आपल्याला ठाऊक आहे असा माझा पक्का समज होता.

हा समज माझ्या भाचीने एका संध्याकाळी पाच प्रश्न विचारून दूर केला.

ती पुण्यात वास्तुशास्त्र शिकते. पाच वर्षांच्या अभ्यासक्रमातले तिचे चौथे वर्ष चालू होते. त्या वर्षी प्रत्येकाने एक खेडे निवडून त्याचा नकाशा करायचा होता. तोही नुसता घरांचा नाही, तर माणसे तिथे कशी राहतात, कुठून चालतात, कुठे थांबतात, याचा. बाईसाहेबांनी विंझर निवडले, कारण मामा तिथे असतो!

“मामा, गावात पाणी भरायच्या जुन्या जागा किती आहेत?” तिने वही उघडून विचारले.

मी आठवू लागलो.

“बरं, पावसाळ्यात पहिलं पाणी कुठे तुंबतं? नदीकडे उतरणाऱ्या वाटेला लोक काय म्हणतात? म्हाताऱ्या बायका दुपारच्या कुठे बसतात? आणि सगळ्यांत लांबच्या वाडीवरून पोरांना शाळेत पोहोचायला किती वेळ लागतो?”

मला ठाऊक होते ते एस.टी.चे थांबण्याचे ठिकाण, महाविद्यालयाची इमारत आणि एक चहाचे हॉटेल. या तीन बिंदूंना जोडणारी रेघ म्हणजे माझे विंझर.

“मामा,” ती वही मिटत म्हणाली, “तुम्ही तिथे अठरा वर्षं आहात ना?”

आमच्या सौ. स्वयंपाकघरातून मोठ्याने हसल्या. त्या हसण्यापासूनच या लेखाला सुरुवात झाली असे म्हणायला हरकत नाही.

साखळी, आणा आणि गुंठा

आषाढात ती आणि तिची एक मैत्रीण विंझरला येऊन राहिल्या. माझ्या एका विद्यार्थ्याच्या आईने त्यांना घरातली ओसरीजवळची खोली दिली. सामान पाहून मला हसू आले. तीस मीटरची फीत, दोरीला बांधलेला ओळंबा, खडू, पारदर्शक कागदाच्या गुंडाळ्या, आणि उपग्रहाने वरून घेतलेल्या गावाच्या चित्राची एक मोठी प्रत.

“चित्र हाताशी आहे, मग फीत कशाला?” मी विचारले.

“वरून छपरं दिसतात मामा. छपराखालचा ओटा दिसत नाही, आणि झाडाखालची वाटही दिसत नाही.”

पहिले दोन दिवस गावाने त्यांच्याकडे संशयाने पाहिले. यात गावाचा दोष नाही. या भागात फीत घेऊन आलेला माणूस काही द्यायला आला, असे क्वचितच घडले असेल. पानशेतचे धरण याच तालुक्यातले. १२ जुलै १९६१ ला ते फुटले आणि पुणे वाहून गेले, ही गोष्ट आपण पुणेकर पिढ्यान् पिढ्या सांगतो. परंतु धरण बांधताना ज्यांची शेते आणि घरे पाण्याखाली जायची होती, त्यांच्या दारातही आधी मोजणीवाले आले होते, ही गोष्ट आपण सांगत नाही. मावळातला माणूस ती विसरत नाही. “रस्ता रुंद होनार का? आमची पडवी जानार का?” हे प्रश्न मुलींना घरोघरी ऐकावे लागले.

बर्फ वितळवला तो एका आबांनी, असे एखादा नव्या वळणाचा लेखक लिहील. मी आपला सरळ सांगतो: आबांनी फीत हातात घेतली, निरखून पाहिली आणि विचारले, “यात आणे कुठं हायेत?”

मुलींना काही उमगेना. मग आबांनी ओट्यावर बसून त्यांना साखळी शिकवली. जुन्या मोजणीची साखळी तेहतीस फुटांची. तिचे सोळा भाग, आणि एकेका भागाला म्हणायचे आणा. एक साखळी लांब आणि एक साखळी रुंद जमीन म्हणजे एक गुंठा. १,०८९ चौरस फूट. असे चाळीस गुंठे झाले की एक एकर. रुपया आणि जमीन यांचा हिशेब एकाच भाषेत! तेहतीस या अवघड आकड्याचे कोडे मला शाळेपासून पडलेले होते, ते त्या दिवशी सुटले.

या साखळीचा इतिहास आपल्या जिल्ह्याचाच आहे. पेशवाई बुडाल्यावर इंग्रजांनी दख्खनची जमीन मोजायला काढली. १८२७ च्या सुमारास प्रिंगल नावाच्या अधिकाऱ्याने केलेली मोजणी कागदावर मोठी शास्त्रशुद्ध होती, पण सारा इतका जबर बसला की पुष्कळ शेतकरी जमिनी टाकून निघून गेले. मग १८३६ मध्ये गोल्डस्मिड आणि विंगेट या दोघांनी इंदापूर तालुक्यात नव्याने मोजणीस आरंभ केला. त्यांनी घालून दिलेल्या पद्धतीवर पुढे सर्व मुंबई इलाख्याची मोजणी झाली. आज आपण तलाठ्याकडे जाऊन जो सातबारा मागतो, त्याची मुळे तिथवर जातात.

मात्र त्या मोजणीत एक मौज आहे. सरकारला सारा हवा होता आणि सारा शेतावर. त्यामुळे शेताचा बांध न् बांध मोजला गेला. गावठाणाला मात्र बाहेरून एक वेटोळे घातले, आणि आतल्या घरांकडे कोणी फारसे पाहिले नाही. मोठ्या गावांत आणि शहरांत पुढे सिटी सर्व्हे झाला. लहान गावांतली घरे शंभर-दीडशे वर्षे बिननकाशाची राहिली. माणूस ज्या घरात जन्मला आणि मेला, त्याची हद्द शेजाऱ्याच्या आठवणीत! ही उणीव भरून काढण्यासाठी अलीकडे ड्रोन उडवून गावठाणे मोजण्याचे काम निघाले. आपल्याच पुणे जिल्ह्यात, पुरंदर तालुक्यातल्या सोनोरी गावी त्याचा आधी प्रयोग झाला, आणि २४ एप्रिल २०२० ला ‘स्वामित्व’ नावाने ती योजना देशभर जाहीर झाली. लोकांनी आपापल्या हद्दी चुन्याने आखायच्या, वरून छायाचित्र घ्यायचे, आणि त्यावरून घरमालकाला मिळकत पत्रिका द्यायची. काम मोठे आहे, उपयोगाचेही आहे. बँकेत कर्ज मागायला गेलेल्या माणसाला त्या कागदाची किंमत विचारावी.

“मग तुमच्या या फितीचं काय राहिलं?” मी भाचीला डिवचले.

“त्या नकाशात घर कुणाचं ते कळतं,” ती म्हणाली. “त्या घरापुढे संध्याकाळी कोण बसतं ते नाही कळत.”

चिखलात उतरलेला प्रोफेसर

हे तिचे स्वतःचे नव्हे, तिच्या गुरुजींचे बोल होते. आणि त्यांच्याही मागे एक स्कॉटिश म्हातारा उभा होता: पॅट्रिक गेडिस. मुळात हा जीवशास्त्रज्ञ. झाडे-प्राणी पाहता पाहता त्याला शहरे दिसू लागली. १९१४ साली तो हिंदुस्थानात यायला निघाला. बरोबर शहरांविषयीचे मोठे प्रदर्शन आणायचे होते. ते सामान दुसऱ्या बोटीवर होते. महायुद्ध सुरू झालेले, आणि ‘एम्डेन’ या जर्मन युद्धनौकेने ती बोट हिंदी महासागरात बुडवली. आयुष्यभर जमवलेले नकाशे आणि चित्रे तळाला गेली. दुसरा कोणी कपाळाला हात लावून परतला असता. याने पुन्हा साहित्य जमवले आणि १९१५ च्या आरंभी मद्रासेत प्रदर्शन भरवले.

पुढची काही वर्षे तो आपल्या देशातल्या गावोगावच्या गल्ल्या पायी हिंडला. त्याचे सांगणे थोडक्यात असे की, वैद्य जशी आधी नाडी पाहतो तशी नगररचनाकाराने आधी वस्ती पाहावी आणि मग कागदाला हात लावावा. एखादी गल्ली कोंदट झाली म्हणून रुळाने सरळ रेघ ओढून सगळी घरे पाडणे ही त्याच्या मते शस्त्रक्रिया नव्हे, तो खून. एखादे पडके घर काढावे, तिथे झाड लावावे, विहीर साफ करावी, बाकीचे राखावे. १९१९ ते १९२४ तो मुंबई विद्यापीठात समाजशास्त्राचा प्राध्यापक होता. आपले गो. स. घुर्ये त्याच्या पाठोपाठ त्या विभागात आले.

दिवाळी अंक हाती घेतलेल्या वाचकांना त्याची इंदूरची हकिकत सांगितल्याशिवाय राहवत नाही. होळकरांच्या इंदुरात प्लेगने कहर केला होता. शहर सुधारण्यासाठी गेडिसला बोलावले. पण नकाशे घेऊन हिंडणारा हा साहेब आता आपली घरे पाडणार म्हणून लोक त्याला शिव्या घालू लागले. तेव्हा त्याने दिवाळीच्या मिरवणुकीची व्यवस्था दरबाराकडून स्वतःकडे मागून घेतली आणि जाहीर केले की, यंदा मिरवणूक नेहमीच्या रस्त्याने जायची नाही, ज्या आळीतली घरे आणि रस्ते सर्वांत स्वच्छ असतील तिथून जाईल! मग काय विचारता! आळी-आळीत चढाओढ लागली, गाड्या भरभरून केरकचरा गावाबाहेर गेला. मिरवणुकीत राक्षसाबरोबर प्लेगचा एक भला मोठा उंदीरही होता. आणि शहर झाडणारे भंगी, ज्यांची सावली लोक टाळीत, ते धुतलेल्या पांढऱ्या कपड्यांत, फुले मिरवीत त्या मिरवणुकीत चालत होते. शहर सुधारायचे ते कुणासाठी आणि कुणाला बरोबर घेऊन, हे त्याने असे रस्त्यावर दाखवले.

राजगड पाहून आल्यावर भाचीने मला हेच वेगळ्या शब्दांत सांगितले होते. “मामा, तटाची एक रेघही डोंगराच्या मनाविरुद्ध गेलेली नाही. संजीवनी माची बघा. धार जशी वळते तसा तट वळतो.” मी त्या गडावर विद्यार्थ्यांच्या किती सहली नेल्या असतील! मला तिथे इतिहास दिसला होता. कोणीतरी हा डोंगर आधी पायाखाली घातला असला पाहिजे, हे मात्र सुचले नव्हते.

मराठीच्या प्राध्यापकाची परीक्षा

श्रावणात तिने मला कामाला लावले. “नावं तुम्ही लिहायची. तो तुमचा विषय.”

मी ऐटीत गेलो आणि पहिल्याच बांधावर अडखळलो. मी शेताला शेत म्हणत होतो. आबा म्हणत होते खाचर. भाताचे, बांध घालून पाणी कोंडलेले ते खाचर. डोंगरउताराची, नाचणी-वरईची ती वरकस. रोपे टाकतात तो तरवा. दोन शेतांमधून गाडी जाते ती पाणंद, ओढ्यावरचा लाकडी किंवा दगडी लहान पूल तो साकव. हे शब्द मला कोशातून ठाऊक होते, पण कोशातला शब्द आणि चिखलातला शब्द यांत जावई आणि मुलगा यांच्याइतके अंतर असते.

एका शब्दापाशी मी मात्र खरोखर थांबलो. एक आजी आपल्या घराविषयी बोलताना म्हणाल्या, “आमची पांढरी हितलीच.” आपल्या जुन्या कागदपत्रांत ‘पांढरी’ आणि ‘काळी’ हे शब्द येतात. काळी म्हणजे पिकाची जमीन, पांढरी म्हणजे वस्तीची. माणसांनी पिढ्यान् पिढ्या चुली पेटवल्या, राख टाकली, भिंती पडल्या आणि पुन्हा उभ्या राहिल्या, त्या सगळ्यांची मिळून जी माती झाली ती पांढरी. वर्गात हा शब्द मी दरवर्षी फळ्यावर लिहितो. तो जिवंत माणसाच्या तोंडून मी त्या दिवशी प्रथम ऐकला, आणि तेही महाविद्यालयापासून दहा मिनिटांच्या अंतरावर.

शेतांची, वळणांची, दगडांची, झाडांची मिळून दीडशेच्या वर नावे आम्ही लिहून काढली. सरकारी कागदावर त्या जागांना गट नंबर आहेत. नंबर विकता येतो. नावाने मात्र गोष्ट सांगता येते. कुठे बैल बुडाला म्हणून त्या डोहाला नाव, कुठे लग्नाचे वऱ्हाड पावसात अडकले म्हणून त्या खडकाला.

बोळांची रुंदी मोजताना मुलींना आणखी एक शोध लागला. घरांमधले बोळ अगदी अरुंद, पण तिरडीला चार खांदे देऊन माणसे वळतील एवढी जागा वळणावर सोडलेली. पेंढ्याचा भारा डोक्यावर घेऊन बाई जाते, तिथे खाली अरुंद आणि वर छपरे मागे ओढलेली. कोणा वास्तुशास्त्रज्ञाने हे आखले नव्हते. भाचीच्या वहीत त्या पानावर मापांच्या खाली तिने इतकेच लिहिले होते: ‘हे पाडून सरळ करू नये.’

तुटक रेषा

आता जे सांगायचे ते मला थोडे अवघड जाते. परंतु ते गाळले तर हा लेख लिहिण्यात अर्थ नाही.

आपल्या पुण्यातल्या पुष्कळ कुटुंबांप्रमाणे आमच्याही घरात एक स्वप्न होते. शहराबाहेर एखादा तुकडा घ्यावा, चार आंबे लावावेत, निवृत्तीनंतर व्हरांड्यात बसून डोंगर पाहावा. आमचे मूळ गाव सातारा जिल्ह्यातले, सातबाऱ्यावर माझे नाव आहे, तेव्हा शेतजमीन घ्यायला कायद्याची आडकाठी नव्हती. त्याच्या आदल्या अक्षय्य तृतीयेला मी त्याच परिसरात दहा गुंठ्यांच्या एका तुकड्यासाठी दोन लाख रुपये विसार दिला होता. एजंटाने रंगीत आराखडा दाखवला. “सर, हा पट्टा लवकरच पिवळा होणार,” तो म्हणाला. विकास आराखड्यात पिवळा रंग राहण्याच्या जागेचा आणि हिरवा शेतीचा, एवढे आता आपल्याला सगळ्यांनाच कळते. हिरव्याच्या भावात पिवळे मिळते आहे, याचा मला आनंद झाला होता, हे कबूल करतो.

आषाढात मुलींनी एक ‘वेळेचा नकाशा’ केला होता. कोणत्या वस्तीवरून पायी शाळेला, दवाखान्याला, एस.टी.ला यायला किती मिनिटे लागतात, ते प्रत्यक्ष चालून लिहायचे. ओढ्यापलीकडच्या एका वाडीवरून त्यांना चौदा मिनिटे लागली. वाट दाखवायला त्याच वाडीतली माझ्या वर्गातली एक मुलगी बरोबर होती. पौषात त्या पुन्हा आल्या आणि तोच नकाशा कोरड्या दिवसांत केला. त्याच वाडीला आता त्रेचाळीस मिनिटे!

रविवारी रात्री आमच्या घरी दोन्ही कागद जेवणाच्या टेबलावर शेजारी ठेवून भाची विचार करीत बसली. “मामा, पावसाळ्यात चौदा आणि उन्हाळीत त्रेचाळीस, हे उलटं कसं? ओढ्याला तर पाणीही नाही.”

तिने भूमी अभिलेख कार्यालयातून आणलेली जुन्या गावनकाशाची प्रत काढली. त्या नकाशात गाडीमार्ग तुटक दुहेरी रेषेने दाखवतात आणि पायमार्ग तुटक एकेरी रेषेने. वाडीवरून साकवापर्यंत आणि तिथून गावापर्यंत एक बारीक तुटक रेषा येत होती. अशा पायमार्गाची रुंदी सव्वाआठ फूट धरतात. आबांच्या भाषेत सांगायचे तर चार आणे साखळी. त्या रेषेवर तिने पेन्सिलीने एक फुली मारली. “इथे आता तारेचं कुंपण आहे. दिवाळीनंतर घातलेलं. प्लॉट पाडलेत. लोकांना डांबरी रस्त्याने वळसा पडतो.”

मी गट नंबर वाचला. मग उठून कपाट उघडले, विसार पावती काढली आणि नंबर पुन्हा वाचला.

तोच होता.

त्या क्षणी मला आठवले ते दुसरेच. वाट दाखवणारी ती मुलगी दिवाळीच्या सुट्टीनंतर रोज पहिल्या तासाला उशिरा येत होती. मार्गशीर्षात एकदा भर वर्गात मी तिला विचारले होते, “घरी घड्याळ नाही का?” वर्ग हसला होता. ती काही बोलली नव्हती. तिची तीन आठवड्यांची हजेरी मी मांडली नव्हती.

त्या रात्री मला झोप लागली नाही. पण लगेच काही केले, असेही नाही. आठ दिवस मी स्वतःची समजूत घालीत होतो. कुंपण मी घातले नाही. माझा तुकडा कोपऱ्यातला, वाट मधून जाते. मी नाही घेतला तर दुसरा कोणी घेईल. दोन लाख रुपये म्हणजे प्राध्यापकाच्या घरात लहान रक्कम नव्हे. शेवटी मी एजंटाला गाठले आणि वाटेचे विचारले. “सर, आमच्या आराखड्यात वाट नाहीच,” तो म्हणाला, आणि ते खरेच होते. रंगीत आराखड्यात ती कोणी काढलीच नव्हती. न काढणे हाही नकाशा काढण्याचाच एक प्रकार आहे, हे मला तेव्हा कळले.

वाडीतल्या लोकांनी वाट मोकळी करून मिळावी म्हणून तहसीलदारांकडे अर्ज करायचे ठरवले होते. १९०६ सालचा मामलेदार कोर्ट कायदा आहे. त्याखाली अशी वहिवाटीची वाट कोणी अडवली तर दाद मागता येते. भाचीने गावनकाशाची प्रत आणि आपले दोन्ही कागद त्यांना देऊ केले. माझ्याजवळचा रंगीत आराखडा मिळाला तर अर्जाला बळ येईल, असे तिने मला भीत भीत सुचवले. एजंटाच्या कानावर हे गेले असावे. त्याचा फोन आला: व्यवहार मोडायचा तर मोडा सर, आराखडा परत करा, पैसे परत घेऊन जा.

मी सौ.ना सगळे सांगितले. आंब्यांची कलमे कुठल्या रोपवाटिकेतून आणायची, हेही त्यांनी ठरवून ठेवले होते. त्या बराच वेळ गप्प होत्या. मग म्हणाल्या, “आपण व्हरांड्यात बसून चहा पिणार, आणि ती पोर तारेपलीकडून वळसा घालून तुमच्याच कॉलेजात जाणार. चहा गोड लागेल का?”

आराखड्याची प्रत अर्जाला जोडली गेली. पैसे अद्याप परत आलेले नाहीत. तारखा पडत आहेत. एका तारखेला मीही जाऊन जबाब दिला. कुंपणाच्या दोन तारा कोणीतरी वाकवून ठेवल्या आहेत आणि शाळेतली पोरे वाकून त्यातून येतात. पण डोक्यावर भारा घेतलेली बाई वाकू शकत नाही, तिला अजून वळसाच आहे. निकाल लागला असता तर मला हा लेख अधिक समाधानाने लिहिता आला असता.

त्या मुलीची मी वर्गातच माफी मागितली, कारण अपमानही वर्गातच केला होता. “जाऊ द्या सर,” एवढेच ती म्हणाली. हजेरी मात्र मी मांडून घेतली.

कागद गावात आला

फाल्गुनात मुलींनी आपले सगळे कागद परीक्षेआधी विंझरला आणून शाळेच्या व्हरांड्यात दोरीवर टांगले. त्यांच्या गुरुजींचा तसा दंडकच होता. ज्यांचा नकाशा त्यांना आधी दाखवायचा. पहिल्यांदा पोरे आली, मग बायका, सर्वांत शेवटी बाप्ये. प्रत्येकाने आधी आपले घर शोधले. ते सापडल्यावर भावाचे. ते सापडल्यावर भाऊबंदकीचा बोळ! एका गृहस्थांनी शेजाऱ्याचा ओटा नकाशात एक बोट जास्त बाहेर आल्याची तक्रार लगेच नोंदवली. तिथल्या तिथे फीत काढून मोजले. मुलींचेच बरोबर निघाले, पण गृहस्थांचे समाधान झाले असे वाटले नाही.

आबांनी चष्मा कपाळावर चढवून नावे वाचली आणि तीन चुका काढल्या. तिन्ही माझ्या होत्या. पांढरी म्हणणाऱ्या आजींना नातवाने हात धरून आणले. त्यांना अक्षरओळख नाही. नातवाने त्यांचे बोट धरून घरावर ठेवले, मग विहिरीवर, मग देवळावर, मग त्या आजही सकाळी ज्या वाटेने नदीवर जातात तिच्यावर. बोट वाटेवरून हळूहळू सरकत गेले. “हां,” त्या म्हणाल्या, “आता बराबर चाललेय.”

परीक्षेत भाचीला गुण बरे मिळाले. अक्षर सुधारायला हवे, असा शेरा होता. तो मामाच्या घराण्याचा दोष आहे.

त्या नकाशाची एक प्रत आमच्या बैठकीच्या खोलीत लावली आहे. येणारे पाहुणे विचारतात, आणि मग ही हकिकत सांगावी लागते. वाचकहो, आपणही या दिवाळीच्या सुट्टीत मुलांच्या हाती एक फीत आणि एक कोरा कागद द्या. त्यांना सांगा, आपल्या आळीचा नकाशा काढा. मोठ्या इमारती कुठे ते नको. म्हातारे कुठे टेकतात, कामवाल्या बाई कोणत्या वाटेने येतात, दूधवाला सायकल कुठे लावतो, पाणी कुठे साचते, आणि पूर्वी जिथून जाता येई पण आता येत नाही अशी जागा कुठे आहे, ते काढा. मुले चुकतील, भांडतील, कागद मळवतील. ती परत आली की त्यांनी काढलेल्या वाटेवरून आपणही एकदा चालून यावे. मी या वर्षी पहिल्या तासाला जाताना एस.टी.तून एक थांबा आधी उतरतो, आणि साकवाच्या बाजूने पायी जातो. कुंपणापाशी मलाही वाकावे लागते.